खोकला ऐकवायचा की सांगायचा?

विनोदी कादंबरीवरून केलेलं नभोनाट्य फसतं, तेव्हा ते बहुतेक वेळा एकाच जागी फसतं. गोष्ट सगळी असते, पात्रं असतात, दारं आपटतात, कपबश्या फुटतात, नटमंडळी जीव ओतून बोलत असतात, आणि तरी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. जे पान वाचताना हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं, तेच पान कानावरून नुसतं निघून जातं. असं का होतं, यावर मी बरीच वर्षं विचार करत आले आहे. ऐकलेल्या बऱ्यावाईट रूपांतरांवरून माझं एक मत झालंय. रूपांतर करणाऱ्यानं गोष्ट उचललेली असते आणि गोष्ट सांगणारा मागेच ठेवलेला असतो.

विनोदी कादंबरीत घडणाऱ्या गोष्टी स्वतःहून फारशा गमतीच्या नसतातच. जेरोम के. जेरोम यांच्या 'थ्री मेन इन अ बोट'मधले अंकल पॉजर घ्या. १८८९ साली आलेलं हे पुस्तक, आणि त्यातलं भिंतीवर तसबीर टांगण्याचं प्रकरण आजही लोक एकमेकांना वाचून दाखवतात. घडतं काय? एक गृहस्थ तसबीर टांगायला घेतात, सगळ्या घराला कामाला लावतात, हात कापून घेतात, रुमाल कोटात, कोट सापडत नाही, घरभर शोधाशोध, आणि शेवटी ते त्या कोटावरच बसलेले निघतात. मध्यरात्रीच्या सुमाराला तसबीर कशीबशी भिंतीवर जाते, तीही वाकडी.

आता हा प्रसंग रेडिओवर करायचा म्हटलं की कुणालाही पहिल्यांदा हातोडा आठवेल. रेडिओला आवाज हवेत आणि इथे आवाजांची चंगळ आहे. खिळा पडतो, शिडी सरकते, काच फुटते, पॉजर ओरडतात, पोरं धावतात. हे सगळं हौसेनं करून पाहावं आणि मग ऐकावं. कानावर येतो तो नुसता गोंगाट. कारण जेरोमची गंमत हातोड्यात नाहीच. हा सगळा प्रलय एक माणूस अगदी शांतपणे, कसलाही आव न आणता, एकाला जोडून एक सांगत जातो, त्यात ती आहे. धांदल पॉजरची आणि स्वर निवेदकाचा. या दोघांमधलं अंतर मिटलं की हसू गेलं.

म्हणून त्या प्रसंगाला मी निवेदकाचा आवाज पुढे ठेवीन आणि हातोडा लांब, पलीकडच्या खोलीत. एखाद्याच वेळी ठोका ऐकू येईल, तोही वाक्य संपल्यावर. बोट चिरडल्याचा ठोका तर नकोच. त्या जागी निवेदक क्षणभर थांबेल, बस.

या थांबण्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. पुस्तक वाचताना वेग आपल्या हातात असतो. एखादं वाक्य आवडलं की आपण थबकतो, परत मागे जातो, शेजारच्याला ऐकवतो. रेडिओवर वाक्य एकदाच येतं आणि जातं. हसायला जागा हवी असेल तर ती कुणीतरी आधीच राखून ठेवावी लागते, आणि ती विरामानंच राखता येते. विराम अर्धा सेकंद लांबला तर विनोद जाहीर झाल्यासारखा वाटतो, अर्धा सेकंद कमी पडला तर पुढचं वाक्य त्यावर येऊन आदळतं. हे गणित संहितेत लिहिता येत नाही. नट आणि दिग्दर्शक ते कानानं ठरवतात, आणि पुढे संकलनाच्या वेळी फीत कापणारा किंवा आजच्या काळात संगणकासमोर बसलेला माणूस ते सांभाळतो किंवा बिघडवतो.

दुसरं गणित मात्र कागदावर मांडता येतं. सहजपणे बोलणारा इंग्रजी निवेदक मिनिटाला साधारण दीडशे शब्द बोलतो. अर्ध्या तासाच्या एका भागात साडेचार हजारांच्या आसपास शब्द मावतात, आणि त्यातून संगीत, विराम, आवाज यांची वेळ वजा करायची. सहा भाग मिळाले तर पंचवीस हजार शब्द हातात येतात. कादंबरी ऐंशी हजारांची असेल तर तिचे दोन तृतीयांश शब्द टाकावेच लागतात. काय टाकायचं हा खरा प्रश्न. कात्री हातात घेतलेला माणूस स्वाभाविकपणे आधी आडवळणं कापतो. नायकाला ट्रेन पकडायची आहे, ती पकडायलाच हवी. वाटेत त्याला आपल्या आत्याबद्दल जे काही वाटून गेलं, ते गाळलं तरी गोष्ट अडत नाही. गोष्ट अडत नाही हे खरं. पण विनोदी कादंबरी लोक ट्रेनसाठी वाचत नाहीत, आत्यासाठी वाचतात. मला विचाराल तर ट्रेन गाळावी. एका वाक्यात माणूस मुक्कामी पोचवता येतो, रेडिओइतकं हे कुठल्याच माध्यमाला सोपं नाही. शिट्टी वाजली की गाव बदललं.

पी. जी. वुडहाउस यांच्या, बर्टी वूस्टर हा श्रीमंत तरुण आणि त्याचा नोकर जीव्ह्ज यांच्या कथा-कादंबऱ्या बीबीसीच्या रेडिओ ४ नं १९७३ ते १९८१ या काळात 'व्हॉट हो! जीव्ह्ज' या नावानं मालिकेच्या रूपात आणल्या. क्रिस मिलर यांचं रूपांतर, बर्टी रिचर्ड ब्रायर्स आणि जीव्ह्ज मायकेल हॉर्डर्न. पहिली मालिका आली तेव्हा वुडहाउस हयात होते. १९७५च्या फेब्रुवारीत ते गेले. ही मालिका मला अजून पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटते, कारण तिथे निवेदक कोण, हा प्रश्नच पुस्तकानं सोडवून दिलेला आहे. बर्टी स्वतः सांगतो. ब्रायर्स आपल्याशी बोलता बोलता प्रसंगात शिरतो, कुणाला तरी उत्तर देतो, परत आपल्याकडे वळतो. माइकच्या जवळ आला की तो आपला, थोडा दूर गेला की तो त्या दिवाणखान्यातला. पडद्यावर हेच करायचं तर नटाला कॅमेऱ्याकडे वळून बघावं लागतं, किंवा प्रसंग थांबवून वरून आवाज द्यावा लागतो. रेडिओवर एक पाऊल पुरतं.

वुडहाउस रेडिओला इतके मानवतात, याला आणखी एक कारण आहे. तरुणपणी त्यांनी संगीतिकांसाठी भरपूर लेखन केलं होतं, आणि आपल्या कादंबऱ्या म्हणजे संगीत वगळलेल्या संगीतिकाच आहेत, अशा अर्थाचं ते स्वतः म्हणत. त्यांच्या पुस्तकात कोण कधी दारातून आत येतं आणि कोण खिडकीतून पळतं, याची बांधणी रंगमंचाची आहे. 'द कोड ऑफ द वूस्टर्स'मध्ये (१९३८) सगळ्या गोंधळाच्या मुळाशी गाईच्या आकाराचं एक चांदीचं दूधपात्र आहे. पडद्यावर ते दाखवावंच लागतं, आणि दाखवलं की ती एक वस्तू होऊन बसते. रेडिओवर आपल्याला ती गाय दिसत नाही, बर्टीला तिच्याबद्दल वाटणारी शिसारी तेवढी ऐकू येते, आणि प्रत्येक ऐकणाऱ्याच्या मनात आपापली एक कुरूप गाय तयार होते.

अडचण येते ती जीव्ह्जशी. रेडिओवर गप्प बसलेला माणूस नसतोच. खोलीत चार जण बोलत असतील आणि पाचवा दोन मिनिटं बोलला नाही, तर ऐकणाऱ्याच्या लेखी तो निघून गेलेला असतो. आणि जीव्ह्ज तर गप्प राहण्यातच मोठा आहे. तो पावलांचा आवाज न करता येतो आणि तसाच जातो. बर्टीच्या पोशाखाबद्दलची नापसंती तो न बोलता व्यक्त करतो. फार झालं तर खोकतो. त्या खोकल्याला वुडहाउसनं एक उपमा दिली आहे: दूरच्या टेकडीवर एखाद्या मेंढीनं हळूच घसा साफ करावा तसा.

इथे रूपांतर करणाऱ्याची कसोटी लागते. रेडिओवर खोकला प्रत्यक्ष ऐकवता येतो. पण नट कितीही गुणी असला तरी त्याच्या घशातून टेकडी निघणार नाही, आणि मेंढीसारखा आवाज काढायला गेला तर सगळंच मातीमोल होईल. उपमा सांगावी तर मग खोकला कशाला? दोन्ही एकापाठोपाठ एक दिले तर एक वाया जातं. मला वाटतं, पहिल्यांदा उपमा सांगावी आणि खोकला ऐकवूच नये. पुढे दोन-तीन प्रसंग गेल्यावर, निवेदन बंद असताना, नुसता खोकला यावा. तोवर मेंढी ऐकणाऱ्याच्या डोक्यात जाऊन बसलेली असते. उपमा आधी पेरायची आणि आवाजाच्या वेळी ती उगवू द्यायची. ही सोय फक्त क्रमशः चालणाऱ्या श्रुतिकेला आहे, आणि ती वापरणारे रूपांतरकार मला फार थोडे भेटले.

निवेदक तृतीयपुरुषी असला की काम आणखी अवघड. बर्टीसारखा कुणी समोर उभा राहून सांगत नसतो, सांगणारा लेखक असतो आणि त्याला गोष्टीत जागा नसते. टेरी प्रॅचेट यांच्या कादंबऱ्यांमध्ये तर तो मुख्य मजकुरातही मावत नाही, पानाच्या तळाशी टिपांमध्ये जाऊन बसतो. प्रॅचेटच्या टिपा गाळणं म्हणजे निम्मा प्रॅचेट गाळणं. १९९२ साली बीबीसीनं 'गार्ड्‌स! गार्ड्‌स!' सहा भागांत केलं, तेव्हा निवेदनासाठी मार्टिन जार्विस यांचा आवाज घेतला. असा निवेदक घेतला की टीप सांगायला कुणीतरी मिळतं. पण तळटिपेची मजा अशी की ती वाचायची की नाही हे आपण ठरवतो, डोळा खाली जातो आणि परत वर येतो. कानाला खालीवर जाता येत नाही. टीप मध्येच आली तर प्रसंग तिच्यासाठी खोळंबतो, आणि खोळंबलेला प्रसंग पुन्हा सुरू करायला दिग्दर्शकाकडे युक्ती असावी लागते. खोलीतला आवाज एकदम बंद करून टीप सांगायची आणि तो जिथे तुटला तिथूनच, अर्ध्या शब्दावरून, पुन्हा सुरू करायचा, ही मला सगळ्यात प्रामाणिक वाटते.

छापील पानाचेच काही विनोद असे आहेत की त्यांच्यापुढे रेडिओनं हात टेकावेत. प्रॅचेटच्या कादंबऱ्यांतलं 'मृत्यू' हे पात्र इंग्रजी कॅपिटल अक्षरांत बोलतं, आणि त्याच्या बोलण्याला अवतरणचिन्हं नसतात. स्टेला गिबन्स यांनी 'कोल्ड कम्फर्ट फार्म'मध्ये (१९३२) आपल्याच अतिअलंकृत उताऱ्यांना एक, दोन, तीन तारका देऊन ठेवल्या आहेत, वाचकाला कळावं की इथे साहित्य चाललं आहे. तारका कशा ऐकवणार? लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी'त, म्हणजे अठराव्या शतकातच, एक अख्खं पान काळं छापलेलं आहे. रेडिओवर काळ्या पानाच्या जवळपास जाणारी एकच गोष्ट, शांतता. पण प्रसारणात शांतता लांबली की ऐकणाऱ्याला संच बिघडल्यासारखा वाटतो आणि केंद्रावर धावपळ सुरू होते.

मात्र त्याच 'कोल्ड कम्फर्ट फार्म'मध्ये रेडिओसाठीच असावी अशी एक गोष्ट आहे. म्हातारी एडा डूम हिनं लहानपणी लाकडाच्या कोठीत काहीतरी भयंकर पाहिलं होतं, आणि त्या एका वाक्यावर ती साऱ्या घराला आयुष्यभर धाकात ठेवते. काय पाहिलं, हे कादंबरी कधीच सांगत नाही. चित्रपटात कॅमेरा त्या कोठीपर्यंत जाऊ शकतो, म्हणून तो गेला नाही की प्रेक्षकाला काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. रेडिओला मुळात दाखवताच येत नाही. तिथे एडाचं वाक्य आणि ऐकणाऱ्याचं मन, मध्ये तिसरं कुणी नाही.

या सगळ्यात उलट्या दिशेनं आलेली एक कृती आहे, आणि तिच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. डग्लस ॲडम्स यांची 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' कादंबरी म्हणून १९७९ साली आली, पण ती मुळात रेडिओ मालिका होती. पहिला भाग ८ मार्च १९७८ च्या रात्री रेडिओ ४ वर लागला. ॲडम्सनी निवेदकाचा पेच असा सोडवला की मला आजही त्याचं कौतुक वाटतं. निवेदक म्हणजे त्या गोष्टीतलंच एक पुस्तक, प्रवाशांच्या हातातली मार्गदर्शिका. तिला कधीही मध्ये बोलायचा हक्क आहे, कितीही आडवळणं घ्यायची मुभा आहे, कारण माहिती देणं हे तिचं कामच. त्या आवाजासाठी पीटर जोन्ससारखा कुणीतरी हवा, असं म्हणत शोध चालला आणि शेवटी स्वतः पीटर जोन्सच मिळाले. विश्वाच्या उलथापालथी ते किंचित गोंधळलेल्या, सौजन्यपूर्ण स्वरात सांगतात. जेरोमच्या निवेदकाचाच हा नातू.

त्या मालिकेला स्टुडिओत प्रेक्षक नव्हते, हशा नव्हता. हे फार बरं झालं. हशा ऐकवणाऱ्या विनोदी कार्यक्रमांशी माझं भांडण नाही, त्यांतले संवाद त्या हशासाठी लिहिलेले असतात आणि नट त्याच्यावर स्वार होऊन पुढे जातात. पण कादंबरी आपण एकट्यानं वाचतो. तिच्यातलं हसू बऱ्याचदा ओठांच्या कोपऱ्यातच राहतं, वाक्य संपल्यावर थोड्या उशिरानं येतं. तीनशे माणसं आपल्या आधी हसली की ते हसू यायचंच राहतं. कादंबरीच्या रूपांतराला हशा लावलेला असला की मी संच बंद करते.

ॲडम्स २००१ साली अचानक गेले. त्यांच्या पुढच्या तीन कादंबऱ्यांची रेडिओ रूपांतरं डर्क मॅग्ज यांनी २००४ आणि २००५ मध्ये केली. पीटर जोन्सही तोवर नव्हते, पुस्तकाचा आवाज विल्यम फ्रँकलिन यांनी दिला. तिसऱ्या कादंबरीत अ‍ॅग्राजॅग नावाचा एक दुर्दैवी जीव आहे, नायकाच्या हातून जन्मोजन्मी मरणारा. ती भूमिका आपण करावी अशी ॲडम्सची इच्छा होती. त्यांनी स्वतःच्या पुस्तकाचं जे वाचन ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं, त्यातून मॅग्जनी त्या पात्राचे संवाद घेतले आणि नव्या कलाकारांच्या मधोमध बसवले. जिवंत नट आणि गेलेला लेखक एकमेकांना उत्तरं देतात, तारस्वरात भांडतात, आणि प्रसंग विनोदीच राहतो. ध्वनिमुद्रणाच्या कौशल्याचा हा नमुना तर आहेच, पण एका माणसानं दुसऱ्याच्या लेखनावर किती माया करावी, याचाही आहे.

डिकन्सचा उल्लेख करायलाच हवा, कारण 'पिकविक पेपर्स' १८३६-३७ मध्ये दरमहा हप्त्यांनी आलेली, म्हणजे मालिकेच्या घडणीचीच. तिच्यातली माणसं डोळे मिटूनही ओळखता येतात. जिंगल तुटक तुकड्यांत बोलतो, सॅम वेलर व्ही आणि डब्ल्यूची अदलाबदल करतो. रेडिओच्या नटाला याहून काय हवं? तरीही अमेरिकेत ऑर्सन वेल्सच्या मंडळींनी १९३८ च्या नोव्हेंबरात ती अख्खी कादंबरी तासाभरात बसवली होती. धाडस म्हणून ठीक, पण पिकविकला घाई मानवत नाही.

आता एक प्रश्न मला कुणीही विचारील, आणि तो रास्त आहे. वाक्यच जर एवढं महत्त्वाचं, तर सरळ ऑडिओबुक का ऐकू नये? एका चांगल्या वाचकानं सबंध पुस्तक वाचावं, एक शब्द कापायला नको, निवेदक पूर्ण जपलेला. मी ऑडिओबुकं आवडीनं ऐकते. पण नभोनाट्यात एक गोष्ट घडते, जी तिथेही घडत नाही आणि पुस्तकातही नाही. निवेदकाच्या तावडीतून बाकीची माणसं सुटतात.

बर्टीच्या पुस्तकात आत्या अ‍ॅगाथा जे बोलते ते बर्टीनं आपल्यापर्यंत पोचवलेलं असतं. रेडिओवर ती स्वतःच्या गळ्यानं बोलते. आपण परिस्थिती धीरानं हाताळली, असं बर्टी आपल्या कानात सांगतो आणि दुसऱ्याच क्षणी खोलीतला त्याचा आवाज चिरकतो. दोन्ही आवाज त्याचेच, आणि आपण दोन्ही ऐकलेले.

जॉर्ज आणि वीडन ग्रॉसस्मिथ या भावांचं 'द डायरी ऑफ अ नोबडी' (आधी 'पंच' या विनोदी साप्ताहिकात क्रमशः, मग १८९२ मध्ये पुस्तक) या दृष्टीनं मला सगळ्यात मोह घालतं. ती चार्ल्स पूटर या साध्या, मानी कारकुनाची डायरी. त्याची बायको कॅरी आपल्याला भेटते ती फक्त त्याच्या लिहिण्यातून. एके दिवशी ती सांगते की तुमच्या शर्टांचे कफ झिजले आहेत. पूटर त्यावर जागच्या जागी एक कोटी करतो, आणि डायरीत मोठ्या अभिमानानं लिहितो की आम्ही इतके हसलो, इतके हसलो, की हसणं थांबेल असं वाटेना. पुस्तकात आपल्याला त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. रेडिओवर कॅरीची भूमिका करणाऱ्या बाईला माइकसमोर उभं राहून खरोखर हसावं लागतं. ती किती हसणार, कधी सुरू करणार, नवऱ्यानंतर थांबणार की आधी, हे लेखकानं कुठे लिहिलेलं नाही. मी ही भूमिका बसवत असते तर तिला मनापासून हसायला सांगितलं असतं, कोटीसाठी अजिबात नाही, नवऱ्याला इतका आनंद झाला आहे म्हणून. आणि पूटर पुढचं वाक्य बोलू लागला तरी तिचं हसू मागे चालू ठेवलं असतं.